घरी घडलेला कॅमेरा

डोळ्यांस जे दिसते ते सर्वच्या सर्व कागदावर उतरावे, ही मनुष्याची फार जुनी हाव आहे. चित्रकाराने ती कुंचल्याने आणि छायाचित्रकाराने भिंगाने भागविण्याचा यत्न केला. पण दोघांच्याही वाट्यास चौकट आलीच, आणि चौकटीबाहेर जे राहिले ते राहिलेच. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे उदाहरण घ्यावे. तटाजवळ उभे राहून पाहिले असता एका बाजूस काळ्या दगडाचे बुरूज, समोर सिद्धेश्वराचे तळे, तळ्यात बेटासारखे बसलेले ग्रामदैवताचे मंदिर आणि त्यापलीकडे गावाची घरे, असा देखावा मान किंचित वळविली की एका दृष्टीत सामावतो. साध्या कॅमेऱ्याचे भिंग मात्र यांपैकी सुमारे ४० अंशांचा तुकडा तेवढा उचलते. बुरूज घ्यावा तर देऊळ सुटते, देऊळ घ्यावे तर बुरूज सुटतो. या एका अडचणीवर तोड काढण्यासाठी माणसाने जे जे उद्योग केले, त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. आणि त्या इतिहासाची एक शाखा आपल्या महाराष्ट्रात, एका सुताराच्या व चित्रकाराच्या घरात येऊन पोहोचते, म्हणून तो आमच्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

‘पॅनोरमा’ हा शब्दच या हावेतून जन्मास आला. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले आणि पुढे लंडनमध्ये खास गोल इमारत बांधून, प्रेक्षकास मधोमध उभे करून, त्याच्या भोवती चित्र दाखविण्याचा धंदा मांडला. आपल्याकडील माणसाने या धंद्याची एक हकीकत विसरू नये. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान मारला गेला. आणि दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराने त्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे चित्र लंडनच्या लोकांपुढे उभे केले. ती लढाई त्याने पाहिलेली नव्हती. तरीही पैसे देऊन आत शिरलेल्या प्रेक्षकास आपण रणांगणाच्या मध्यभागी उभे आहोत असेच वाटत असे. विशाल देखावा ज्याच्या हाती, त्याने दाखवावे तेच इतरांनी पाहावे, हा धडा त्या चित्रात होता. दाखविण्याचे साधन कोणाच्या घरचे, हा प्रश्न त्या काळापासूनच आपल्यापुढे उभा आहे.

पुढे छायाचित्रणाची विद्या आली, आणि तिनेही हीच वाट धरली. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे एकाशेजारी एक अशी अनेक चित्रे घेऊन ती जोडणे. १८५८ साली लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी कोरलेले शिलालेख याच रीतीने टिपले. एकवीस छायाचित्रे शेजारी शेजारी जोडून त्याने सुमारे १९ फूट लांबीची एक पट्टी सिद्ध केली. यात कॅमेरा एका जागी उभा राहून फिरला नाही. छायाचित्रकारच कॅमेरा घेऊन भिंतीच्या कडेने पुढे पुढे सरकत गेला. काम अत्यंत चिकाटीचे, परंतु सांधे राहिलेच. सांधा नसलेला देखावा एकाच चित्रात हवा असेल, तर कॅमेऱ्याची रचनाच बदलणे प्राप्त होते.

ती बदलली पॅरिसमध्ये. फ्रीड्रिख फॉन मार्टेन्स नावाच्या कोरक्याने १८४५ च्या सुमारास असा कॅमेरा केला की ज्याचे भिंग स्वतः डावीकडून उजवीकडे वळते आणि त्याच्या मागे बसविलेला चांदीचा मुलामा दिलेला पत्रा कमानीसारखा वाकविलेला असतो. भिंगामागे एक अरुंद उभी फट असते. भिंग वळते तशी फटही सरकते, आणि देखाव्याचा एकेक उभा पट्टा क्रमाक्रमाने पत्र्यावर उमटत जातो. आपण मान वळवून जे करतो तेच हे यंत्र करते. फरक इतकाच की ते काही विसरत नाही.

या यंत्राचे मर्म एका बिंदूत साठविलेले आहे. प्रत्येक भिंगाच्या पोटात असा एक बिंदू असतो की, त्याच्याभोवती भिंग थोडे फिरविले तरी दूरच्या वस्तूची प्रतिमा जागची हलत नाही. भिंगाचा आस या बिंदूतून गेला तर चित्र रेखीव येते. आस केसभर चुकला की चित्र सारवल्यासारखे पुसट होते. हा बिंदू शोधण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या दूरच्या शिखराची प्रतिमा भिंगाने कागदावर पाडावी, भिंग डावी-उजवीकडे वळवून पाहावे, आणि प्रतिमा हलेनाशी होईपर्यंत आस मागेपुढे सरकवावा. मग फिल्म ज्या कमानीत बसवावयाची तिची त्रिज्या भिंगाच्या नाभीय अंतराइतकी ठेवावी. नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल आणि भिंग १२० अंशांतून वळणार असेल, तर सुमारे १०५ मिलिमीटर लांबीची फिल्म लागते. फट २ मिलिमीटर रुंद ठेवून ती एका सेकंदात या टोकाहून त्या टोकास नेली, तर फिल्मच्या प्रत्येक बिंदूवर सुमारे एक पन्नासांश सेकंद प्रकाश पडतो. हे सारे गणित त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही. पत्रा, लाकूड, घड्याळातली स्प्रिंग आणि एक जुने भिंग एवढ्या सामग्रीवर हा कॅमेरा उभा राहू शकतो. अवघड आहे ती एकच गोष्ट: भिंगाची गती सर्वत्र सारखी राखणे. गती अडखळली की आकाशात उभे पट्टे उमटतात आणि करणाऱ्याच्या हाताची लटपट चित्रात कायमची नोंदली जाते.

या कॅमेऱ्याचा स्वभावही गमतीचा आहे. त्यात जवळची सरळ भिंत धनुष्यासारखी वाकते, कारण भिंतीचा मध्य भिंगास जवळ व टोके दूर असतात. शिवाय चित्राचा डावा काठ आणि उजवा काठ यांचा क्षण एक नसतो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सोलापुरात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तिचे चित्र या यंत्राने घेतले, तर उंच काठ्या उभ्याच उमटतील. पण मिरवणूक फटीच्या दिशेनेच चालली असेल तर माणसे लांबट होतील, आणि उलट दिशेने चालली असेल तर ती आखडतील. ज्या कॅमेऱ्यात सगळी पेटीच आसाभोवती फिरते अशा १९०४ सालच्या ‘सर्किट’ कॅमेऱ्यापुढे शाळांचे मोठमोठे गट अर्धवर्तुळात उभे राहत. त्या वेळी एखादा खट्याळ मुलगा डाव्या टोकास चित्र देऊन पाठीमागून धावत उजव्या टोकास जाई आणि एकाच चित्रात दोनदा झळके. विशाल चित्र म्हणजे एका क्षणाचे चित्र नव्हे, तर थोडा काळ गुंडाळून ठेवलेली पट्टी होय, हे त्या मुलाने पंडितांच्या आधी ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही.

काळ गुंडाळून ठेवावयाचा तर गुंडाळता येईल असे द्रव्य हवे. काचेच्या तावदानावर हे साधत नव्हते. १८८९ साली ईस्टमनच्या कारखान्यातून सेल्युलॉइडची लवचीक फिल्म बाजारात आली, आणि दोन्ही वाटा एकदम मोकळ्या झाल्या. एका वाटेने १८९८ साली ‘अल्-व्हिस्टा’ व १८९९ साली कोडॅकचा ‘पॅनोरॅम’ हे फिरत्या भिंगाचे कॅमेरे सामान्य गृहस्थाच्या हाती आले. दुसऱ्या वाटेने चलच्चित्र आले. या दोन वाटा वरकरणी वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे गोत्र एकच. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा यंत्रकार प्रोमियो याने व्हेनिसमध्ये नावेत कॅमेरा ठेवून काठावरचा देखावा सरकता टिपला, त्यास त्या काळी ‘पॅनोरमा’च म्हणत, आणि १८९७ साली रॉबर्ट पॉल याने व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाची मिरवणूक टिपण्यासाठी तिकाटण्यावर कॅमेरा वळविण्याची सोय करून घेतली. चित्रपटसृष्टीत आज ‘पॅन’ म्हणून जो शब्द सर्रास चालतो, तो या जुन्या नावाचाच तुकडा आहे. फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्यात फिल्म स्थिर व दृष्टी फिरती. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म फिरती. चौकटीचा तुरुंग फोडणे हा उद्देश दोहोंकडे सारखाच.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रास छायाचित्रणाची ओळख लवकर झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचांवर चित्रे रंगवून, दिव्याच्या साह्याने ती पडद्यावर हलती दाखविण्याचा ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी विलायतेहून कॅमेरा आणवून १८९९ साली मुंबईत कुस्तीचा सामना टिपला. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी डोळे भरून पाहिला. या सर्वांचे उपकार मोठेच आहेत. तथापि चलच्चित्राच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली होती. चित्रे आपली झाली, कथा आपल्या झाल्या, नट आपले झाले. पण ज्या पेटीतून ते सारे उतरले ती पेटी विकत आणलेली होती. ती बिघडली तर पुन्हा समुद्रापलीकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही उणीव कोल्हापुरास टोचली. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. घराणे कारागिरांचे. लाकूड, लोखंड, माती, रंग यांच्याशी त्यांचा परिचय पुस्तकातून झाला नाही. तो अंगणातच झाला. आनंदराव मेस्त्री हे नात्याने त्यांचे बंधू आणि कलेत त्यांचे जोडीदार. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात या दोघांचा हातखंडा होता. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ आणि बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ यांच्यासाठी त्यांनी पडदे रंगविले, आणि ‘पेंटर’ हे व्यवसायाचे नाव पुढे आडनाव होऊन बसले. पडदा रंगविणे हे चौकटीतले चित्र काढण्याहून निराळे काम आहे, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. भिंतीवरचे चित्र एका जागेवरून पाहावयाचे असते. नाटकाचा पडदा पहिल्या रांगेतला श्रीमंत आणि पिटातला हमाल असे दोघेही आपापल्या कोनातून पाहत असतात. राजवाड्याचे खांब दोघांनाही सरळ वाटले पाहिजेत. विशाल देखाव्याला एकच डोळा नसतो, हे ज्ञान या बंधूंस रंगभूमीनेच दिले असावे असे आमचे मत आहे. आणि पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर ते त्यांच्या उपयोगी पडले.

‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यापासून दोघांनी ध्यास घेतला तो स्वतःचा कॅमेरा करण्याचा. चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय करीत असता यंत्राची ओळख होत होती. जे यंत्र चित्र पडद्यावर फेकते, त्याच्याच उलट्या क्रमाने चित्र टिपणारे यंत्र चालते, हे हाताने काम करणाऱ्या माणसास उमगावयास वेळ लागत नाही. पण उमगणे वेगळे आणि घडविणे वेगळे. महायुद्धाचे दिवस होते, परदेशी माल दुर्मिळ व महाग झालेला. अशात १९१६ साली आनंदराव वारले. जोडीदार गेला, काम अर्ध्यावर राहिले. दुसरा कोणी असता तर पेटी माळ्यावर टाकून पुन्हा पडदे रंगवावयास बसला असता, आणि त्यास कोणी नाव ठेवले नसते. बाबूरावांनी तसे केले नाही. विष्णुपंत दामले नावाचा यंत्रविद्येत गती असलेला तरुण शिष्य त्यांना लाभला होता; त्याच्या साह्याने त्यांनी खटपट पुढे चालविली, आणि १९१८ साली चालता कॅमेरा हाती आला.

हे काम किती बिकट होते, हे समजण्यास सोलापूरकर वाचकांनी आपल्या गावच्या मागाकडेच पाहावे. मागावर ताण्याचे सूत एका रुळावरून सुटते, फणीपाशी क्षणभर थांबते, धोटा आडवे सूत घालून जातो, फणी ते ठोकून बसविते, आणि विणलेले कापड दुसऱ्या रुळावर तेवढेच पुढे गुंडाळले जाते. हा जाणे-थांबणे-जाणे असा जो ठेका आहे तोच चलच्चित्राच्या कॅमेऱ्याचा प्राण. कोरी फिल्म एका डब्यातून सुटते, भिंगामागच्या छोट्या खिडकीपाशी थांबते, शटरची तबकडी उघडून प्रकाश आत सोडते, तबकडी मिटताच एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरून तिला बरोबर एका चित्राइतकी खाली ओढतो, आणि उमटलेली फिल्म दुसऱ्या डब्यात गुंडाळली जाते. ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्रामागे चार भोके असतात आणि एका फुटात सोळा चित्रे बसतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे, म्हणजे एका सेकंदात एक फूट फिल्म, हाताने दांडा फिरवून सारख्या गतीने न्यावयाची. सेकंदात सोळा वेळा आकडा भोकात अचूक शिरला पाहिजे. तो किंचित आधी शिरला तर चित्र ओढत असतानाच प्रकाश पडतो आणि चेहऱ्यांना शेपट्या फुटतात. किंचित सैल बसला तर पडद्यावर सारा देखावा नाचू लागतो. जोराने बसला तर फिल्म टरकते. मागावर एक धागा तुटला तर विणकर तो गाठीने सांधून घेतो. येथे गाठ मारण्याची सोय नाही.

अशा यंत्राचे दातेरी चाक, आकडा, तबकडी, खिडकी, डबे हे सर्व हाताने कातून, कानसून, बसवून आणि पुन्हा काढून सिद्ध करावयाचे होते. यात स्वदेशी किती आणि परदेशी किती, असा प्रश्न काटेकोर वाचक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. छायाचित्रणास लागणारी शुद्ध काच त्या काळी हिंदुस्थानात होत नसे. कोरी फिल्म तर नव्हतीच. ती येथे व्हावी म्हणून उटकमंड येथे ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना निघाला तो १९६० साली. तेव्हा कोल्हापूरचा कॅमेरा नखशिखांत स्वदेशी होता असे म्हणणे म्हणजे देशाभिमानाच्या भरात सत्यास ढकलणे होय. आमचे म्हणणे निराळे आहे. स्वदेशीपण द्रव्यात असते तसे समजुतीतही असते. विकत आणलेल्या कॅमेऱ्याचा धनी त्यास चालवू शकतो. घरी घडविलेल्या कॅमेऱ्याचा धनी त्यास प्रश्न विचारू शकतो. काय बदलले असता काय होईल, हे ज्यास ठाऊक आहे त्यास पुढची पायरी कोणी दाखवावी लागत नाही.

पुढचा इतिहास याची साक्ष देतो. तानीबाई कागलकर या गायिकेने द्रव्यसाहाय्य केले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. १९२० साली तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका खरा वठला होता की सरकारी सेन्सॉरची कात्री त्यावर चालली. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली बंदी आली होती, तेव्हा या कथेकडे सरकारचे बारीक लक्ष असणे नवलाचे नव्हते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. १९२३ सालच्या ‘सिंहगड’ मध्ये रात्रीचे देखावे कृत्रिम प्रकाशात घेण्याचे धाडस झाले. १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ निघाला. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या पडद्यावर त्यात कर्जाने बुडालेला शेतकरी आला, आणि तो शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण. जगाने त्यास पुढे व्ही. शांताराम म्हणून ओळखले.

या कार्यशाळेचे सर्वांत मोठे उत्पादन चित्रपट नव्हेत, माणसे होत, असे आम्हांस वाटते. कारागिराच्या घरातील बाबूराव, ब्राह्मण कुटुंबातील दामले आणि मुसलमान कुळातील फत्तेलाल एकाच बाकावर कानस चालवीत, रंग कालवीत, रसायनात हात बुडवीत. ज्या समाजात विद्या एका आळीत व हत्यार दुसऱ्या आळीत राहत होते, त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर व कुलकर्णी यांनी ‘प्रभात’ काढली. मातृसंस्थेतून ही मंडळी गेल्याने बाबूरावांचे घर रिते झाले हे खरे, आणि त्याची सल त्या इतिहासात आहेच. परंतु दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ जेव्हा व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, तेव्हा त्या यशाच्या मुळाशी कोल्हापूरचे तेच लोखंडी बाक होते.

सोलापूरचा या कथेशी संबंध येतो तो असा. शांतारामांनी १९४६ साली ‘डॉक्टर कोटणीस की अमर कहानी’ काढला. चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता देह ठेवणारे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. त्याच्या पुढच्याच साली, १९४७ मध्ये, ‘लोकशाहीर रामजोशी’ निघाला. ज्याने पांडित्य आणि डफ एकत्र नांदविले तो शाहीर रामजोशीही सोलापूरचाच. या चित्रपटाच्या दिग्दर्शनात शांतारामांच्या जोडीने बाबूराव पेंटर होते. शिष्याच्या संस्थेत गुरूने काम करणे हा प्रसंग हळवा आहे. पण शास्त्र्याच्या घरी जन्मून तमाशाच्या फडात उभा राहिलेला शाहीर आणि हातात कानस धरून कलेच्या दरबारात गेलेला मेस्त्री, यांची ही भेट आम्हांस अधिक बोलकी वाटते. दोघांनीही आळीची भिंत ओलांडली. एक वरून खाली उतरला असे लोकांनी म्हटले, एक खालून वर चढला असे म्हटले. आमच्या मते दोघेही एकाच पातळीवर येऊन उभे राहिले.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव वारले. त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळते. ‘सैरंध्री’ गेला, मूळ ‘सावकारी पाश’ गेला, त्यातील एका उदास झोपडीचा आणि तिच्यापाशी रडणाऱ्या कुत्र्याचा देखावा ज्यांनी पाहिला त्यांनी लिहून ठेवला म्हणून आपणांस ठाऊक. जुनी नायट्रेट फिल्म वाळल्या गवतासारखी पेट घेते आणि न पेटली तरी आपोआप कुजते. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यास जुन्या प्रभातच्या आवारातील साठ्यास आग लागून मौल्यवान चित्रपट भस्म झाले. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेरा स्तंभ उभा आहे. येणारा-जाणारा त्यास वळसा घालून जातो. स्मारक झाले ही चांगली गोष्ट. परंतु दगडी कॅमेऱ्यात आकडा नसतो आणि तबकडी फिरत नाही. घडविण्याची जी विद्या त्या घरात होती, तिचे स्मारक दगडात होणारे नव्हे.

आज खिशातल्या दूरध्वनीवर बोट ठेवून हात डावीकडून उजवीकडे फिरविला की किल्ला, तळे, देऊळ आणि गाव एका पट्टीत येतात. मार्टेन्सची फट आणि ट्राइपची जोडणी या दोहोंचे काम त्या पेटीत गणिताने होते. ही सोय टाकाऊ आहे असे कोण म्हणेल? पण पट्टीत मिरवणुकीतला एखादा माणूस तुटलेला वा दुणावलेला दिसला, तर ते का घडले हे विचारणारे मूल घरात आहे का, हे पाहिले पाहिजे. प्रश्न विचारणे बंद झाले की आपण पुन्हा पोर्टरच्या चित्रापुढचे प्रेक्षक होतो. दाखविले जाईल ते पाहावयाचे, पैसे द्यावयाचे आणि बाहेर पडावयाचे.

यावर उपाय महागडा नाही. पत्र्याचा एक गोल डबा घ्यावा, आतून काळा रंगवावा, बाजूस सुईने बारीक भोक पाडून त्यावर काळी चिकटपट्टी लावावी. अंधाऱ्या खोलीत भोकासमोरच्या कमानीवर छायाचित्राचा कागद बसवून झाकण घट्ट करावे. भर उन्हात डबा दगडावर स्थिर ठेवून अर्धा मिनिट पट्टी काढावी आणि पुन्हा लावावी. कागद रसायनात धुतला की त्यावर बराच रुंद असा देखावा, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होऊन, उमटलेला दिसेल. भिंती वाकलेल्या असतील, कडा अंधुक असतील. पहिले दोन कागद बहुधा फुकट जातील, आणि जावेत. आपली मुले शाळेत प्रकाशाचे नियम पाठ करून गुण मिळवितात. तेच नियम एकदा हातास समजले तर गुणांची चिंता करावी लागणार नाही. सुशिक्षित घरांतून आजही मुलाच्या हातात कानस दिसली की ‘अभ्यास कर’ म्हणून ती काढून घेण्याची रीत आहे. आनंदरावांच्या मागे बाबूरावांनी दोन वर्षे जी कानस चालविली तिला अभ्यास म्हणावयाचे की नाही, याचा निर्णय प्रत्येक घराने आपल्यापुरता करावा. आमचा झाला आहे.